बोटीचा खटला

ईस्टरआधीच्या उपवासात, म्हणजे लेंटमध्ये, दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण असतं. गावातल्या सगळ्यांशी तिथे गाठ पडते, नको त्यांच्याशीसुद्धा. ड्वेन ताट घेऊन थेट माझ्यासमोर येऊन बसला. घटस्फोटाला पंचवीस वर्षं झाली, तरी या माणसाला बघून माझं डोकं फिरतंच.

"माझ्या सोशल सिक्युरिटीवर हक्क सांगणार आहेस म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"टॅमी." टॅमी म्हणजे त्याची दुसरी बायको. गावभरच्या चौकशा तिला. "मास्तरणीचं पेन्शन घेतेस ते पोटाला पुरत नाही का गं?"

तीस वर्षं तिसरीच्या पोरांची नाकं पुसून मिळवलंय ते पेन्शन. ओहायोत आम्हा शिक्षकांना स्वतःची सोशल सिक्युरिटी, म्हणजे केंद्र सरकारचं म्हातारपणीचं पेन्शन, नसते, आणि आधीच्या नवऱ्याच्या नावावर जो वाटा मिळायचा, तोही या पेन्शनपायी कापला जायचा. ते कलम आता रद्द झालं. लग्न दहा वर्षं टिकलेलं हवं आणि बाईने पुन्हा लग्न केलेलं नको, एवढंच. माझं अडलं होतं ते हा वाटा कधी घ्यायचा यावर. आत्ता घेतला तर वाटा कमी, दोन वर्षं थांबले तर पुरा. पण घराचं छप्पर आत्ता गळतंय.

"दहा वर्षं लागतात, मार्लीन," ड्वेन बटाटा भरलेली पिएरोगी तोंडात कोंबत म्हणाला. "मी नऊ वर्षं होताच घर सोडलं. आता बस बोंबलत!"

मी काटा खाली ठेवला.

"घर कधी सोडलं ते कोण विचारतंय? जजने घटस्फोटावर सही कधी केली ते बघतात. बोटीसाठी दीड वर्ष खटला कोणी ताणला रे? मी कानीकपाळी ओरडत होते, घे बाबा ती बोट आणि सोड मला. पण नाही! मोटर पण हवी, ट्रेलर पण हवा!"

त्याचा घास तोंडातच राहिला.

"म्हणजे... माझ्या चेकमधून कापणार? कधीपासून?"

तोवर माझं काही ठरलं नव्हतं. त्याचं तोंड बघितलं आणि ठरलं. छपरावर आणखी दोन हिवाळे ताडपत्री टाकून भागेल.

"दोन वर्षांनी," मी म्हणाले. "पुरा घेईन."

ताट तसंच टाकून तो टॅमीकडे धावला. माझा वाटा सरकार वेगळा देतं, त्याच्या चेकमधून एक सेंटही जात नाही. हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. मी नाही सांगणार, निदान दोन वर्षं तरी.