रुद्राप्पांची कवळी

सन १९९७. गणपती विसर्जन होऊन गेलं होतं आणि आमचे शेजारी रुद्राप्पा वारून तीन आठवडे झाले होते.

आमचे मालक, म्हणजे माझे नवरे दादासो, आणि रुद्राप्पा एकाच दिवशी फौंड्रीत लागले आणि एकाच महिन्यात निवृत्त झाले. विम्याच्या कार्डावर दोघांच्या नंबरात शेवटच्या आकड्याचाच काय तो फरक. निवृत्तीनंतरही कार्ड चालू होतं. पण आमच्या उचगावातली म्हातारी माणसं ताप-खोकल्यालाच विम्याच्या दवाखान्यात जायची, दाताला नाही. वरचा दात काढला की नजर जाते, हे सगळ्यांच्या मनात पक्कं. दाढ ठणकली की मशेरी दाबायची आणि गप बसायचं. दादासोंनीच रुद्राप्पांना ओढून नेलं. दोघांचेही उरलेसुरले हलणारे दात काढले, हिरड्या भरल्यावर मापं घेतली. कवळ्या यायच्या आत रुद्राप्पा गेले.

जाताना ते दाराकडं बोट करून सारखं म्हणत होते, "अल्ली... अल्ली..." त्यांच्या घरात कानडी चालायची. अल्ली म्हणजे तिथं. मी उशाशीच होते. त्यांच्या बायकोनं, शांतादेवीनं, वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं.

तेव्हापासून ती दाराकडं तोंड करून बसेना. दिवसाउजेडीसुद्धा कडी घालायची.

"आक्का, त्यास्नी दारात कोण दिसलं असंल? ते अजून तितंच हुबं हाय."

"कोण न्हाय, शांता. मी रोज त्याच दारानं येतो की."

"तू येतीस तवा ते बाजूला हुतंय."

आम्ही बौद्ध. छप्पन सालानंतर सासऱ्यांनी देव्हारासुद्धा काढला होता, भूतखेत आमच्याकडं कुणी मानत नव्हतं. तरी त्यानंतर तिचा उंबरा ओलांडताना मी जरा लगबगीनंच आत जायची. शेवटी तिनं ठरवलं, घराला कुलूप लावून निपाणीला लेकीकडं, दानेश्वरीकडं जायचं, ते कायमचंच.

त्याच आठवड्यात दादासो कवळी घेऊन आले. चष्मा घरी विसरले होते. दवाखान्यातल्या टेबलावर नंबर घातलेली पाकिटं मांडलेली, त्यातलं एक स्वतःच उचललं होतं. घातली ती अशी बसली, जणू जन्मापासून तोंडात होती. भिजवलेली भाकरी खाऊन माणूस निम्मा झाला होता, त्यानं त्या दिवशी कडक भाकरी कुडुम चावली. मी पदरानं डोळे पुसत दुसरी वाढायला गेले.

"साकु, आक्का," ते म्हणाले.

माझा हात तसाच राहिला. साकु म्हणजे कानडीत पुरे. आणि मला आक्का म्हणायची ती शांता, नाहीतर रुद्राप्पा. नवऱ्यानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"काय म्हनलासा?"

"पुरं म्हनलं की. बहिरी झालीस व्हय?"

कवळी काढली की ते आमचे असायचे. घातली की ताटाच्या कडेवर नखानं टकटक करायचे, रुद्राप्पा करायचे तशी. दुसऱ्या दिवशी मी पाकिटावरचा नंबर उजेडात धरून बघितला. शेवटचा आकडा आमचा नव्हता. मी पाकीट चुलीत घातलं आणि बोलले नाही. माणूस जेवत होता.

तिसऱ्या दिवशी शांतादेवी बोचकं घेऊन निघाली. दादासो आमच्या उंबऱ्यात उभे होते. समोर तिचं दार उघडं, दारातून रुद्राप्पांची रिकामी खाट दिसत होती.

"शांती," त्यांनी हाक मारली.

गल्लीत तिला शांती म्हणणारं एकच माणूस होतं. तिच्या हातातलं बोचकं खाली पडलं. जवळ येऊन तिनं विचारलं, "अल्ली? तितं काय हुतं वो?"

दादासोंनी बोट उचललं आणि आपल्याच तोंडाकडं नेलं. "अल्ली न्हवं, शांती. हल्लु."

ती हसायला लागली, हसता हसता रडायला. "हल्लु म्हंजे दात, आक्का! दात मागत हुते गं. आनी मी दार बघत बसलो!"

मी तिच्या दाराकडं बघितलं. त्या खाटेवरून बोट केलं, तर ते दारातून सरळ आमच्या उंबऱ्यावर यायचं, दादासो उभे होते तिथं.

दादासोंनी कवळी काढून तिच्या ओंजळीत ठेवली. मी पाकिटाचं सांगून टाकलं. ते बोळक्या तोंडानं म्हणाले, "ज्याचं त्याला."

"मेलेल्या मानसाला भाकरी चावायची हाय व्हय?" मी विचारलं.

"न्हाय. पर बोलायचं असंल की."

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगमांनी, म्हणजे त्यांच्या लिंगायत गुरूंनी, रुद्राप्पांना पुरलं होतं त्या समाधीच्या डोक्याकडची वीतभर माती उकरून कवळी आत ठेवली आणि वर बेल वाहिला.

शांतादेवी निपाणीला गेली नाही. दाराकडं तोंड करून तांदूळ निवडत ती त्याच घरात राहिली आणि २००३ मध्ये तिथंच वारली. दानेश्वरीनं घर भाड्यानं दिलं. दादासोंना त्यांची स्वतःची कवळी मिळाली, पण ती कधी नीट बसलीच नाही. वाटीत पडून राहिली. २००६ मध्ये जाईपर्यंत ते भिजवलेलीच भाकरी खात होते.

माझी कवळी २००८ ची. घेताना चष्मा लावून नंबर तीनदा वाचला. तरी अजून सकाळी ती घातली, की पहिला शब्द बोलायच्या आधी मी जरा थांबते.