भुऱ्यासाठी कुंपण

आमच्या आबांना माणसांपेक्षा कुत्रं जवळचं होतं, हे मी त्यांची मुलगी असून सांगते. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आई गेल्यावर मी ज्याच्या मानेत तोंड खुपसून रडले, तो भुऱ्याच होता.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. त्या साली एका पिसाळलेल्या कोल्ह्यानं घाटनांदुराकडच्या रानात दोन माणसांना चावे घेतले. तहसिलीतून हुकूम आला आणि विठ्ठलराव पाटलांनी दवंडी पिटवली. मोकळं कुत्रं दिसेल तिथं मारायचं, कुंपणाच्या आत असेल त्याला हात लावायचा नाही. कुत्री आत घ्यायला मुदत चार दिवसांची.

भुऱ्याला बांधून पाहिलं. पहिल्या दिवशी त्यानं दावं कुरतडलं, दुसऱ्या दिवशी ओढून ओढून गळा सोलून घेतला. मेंढरांमागं जन्म गेलेलं कुत्रं ते, खुंट्याला काय राहतंय. आमची मेंढरं खतासाठी कुणाच्या ना कुणाच्या रानात बसवलेली असायची, त्यामुळे घराच्या एवढ्या मोठ्या आवाराला कुंपण कधी लागलंच नव्हतं.

आवाराला काय घालावं यावर गावानं भरपूर अक्कल पाजळली. दगडाचा गडगा घाल, म्हणाले; दगड वाहायला कुणी आलं नाही. निवडुंग लाव, म्हणाले. तो वाढेपर्यंत भुऱ्यानं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. शेवटी फुकटची बाभूळ उरली. आबांनी ओढ्याकाठच्या फांद्या तोडल्या, मी ओढून आणल्या. माझ्या तळहातांची काट्यांनी चाळण झाली. आबांनी मात्र आयुष्यभर रानात मेंढरांभोवती काट्यांचा वाडा घातलेला, त्यांचे हात आपसूक चालत होते. बुंधा आत, काटेरी शेंडा बाहेर. फांदीवर फांदी दाबून त्यांनी चौथ्या दिवशी वेढा पुरा केला.

"आता लांडगा बी न्हाई शिरायचा, तारे," ते म्हणाले. लई दिवसांनी हसले होते. मीही हसले. त्यात काही चुकतंय हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा मेंढरांकडे गेले. झाप्याच्या, म्हणजे फाटकाच्या जागी मोठी फांदी ओढून मी विहिरीवर गेले. भुऱ्या आबांच्या वासावर निघाला असणार. आतून नुसते गुळगुळीत बुंधे, मधे सांदी. तो अंग चोरून सरळ बाहेर पडला.

ओढ्याजवळ पाटलांच्या माणसांनी त्याला गाठलं. एक काठी कमरेत बसली. तो आबांकडे गेला नाही, घराकडे पळाला. आणि घराला बाहेरून सगळे काटेच काटे.

मी घागर घेऊन वळणावर आले तेव्हा तो झाप्यात तोंड घुसवत होता. मागं यायचा, पुन्हा घुसवायचा. मी घागर टाकून धावले. "माझं कुत्रं हाय, मारू नका," असं ओरडत होते. माझ्याआधी काठ्या पोचल्या.

पाटलाचा माणूस सुग्रीव घाम पुसत म्हणाला, "हातभर आत असता तर आमी हात लावला नसता, पोरी. आमाला हुकूम हाय." तो वाईट माणूस नव्हता. तरी त्याला पुढं मी जन्मात पाणी विचारलं नाही.

भुऱ्याच्या नाकात, जिभेत, पापण्यांत काटे होते. मी एकेक काढत बसले. जिभेतला शेवटचा निघेपर्यंत तो गार झाला होता.

दुपारी कुणीतरी आबांना निरोप दिला. ते आले, पण भुऱ्याकडे आधी गेलेच नाहीत. कुंपणाला आतून एक फेरी मारली, तो निसटला त्या सांदीजवळ बसले आणि एका बुंध्यावरून हात फिरवत राहिले.

"लांडग्यासाठी घातलं म्या," ते म्हणाले. "ह्याच्यासाठी उलटं घालाया पायजे व्हतं."

भुऱ्याला आवाराच्या मधोमध पुरलं. दुसऱ्या दिवशी आबा मेंढरांकडे गेले नाहीत. त्यांनी एकेक फांदी उपसली आणि फिरवून लावायला घेतली, बुंधा बाहेर, शेंडा आत. हात रक्तानं भरले होते. मला बघवेना.

"आबा, आता कुणासाठी?"

त्यांनी मान वर केली नाही.

"पुन्यांदा भाईर जाईल तो," म्हणाले. "दे ती फांदी."

मी दिली.