गिनती

"आपा, माह्या प्रोग्रामात ही 'गिनती' कोठून आली?"

रंजितानं मोबाइल टायपिंगच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवला. निकालाच्या यादीत तिच्या नावापुढे शून्य होतं. कहकशांनं वाचलं आणि तिचा चेहराच उतरला. गिनती तिचीच होती.

आर्णीच्या कॉलेजात गृहपाठाचे नियम कडक. वही चालणार नाही, फाइलच पाठवायची. दोन प्रोग्राम सारखे निघाले तर दोघांनाही शून्य, आणि शून्यवाल्याला परीक्षेला बसता येणार नाही. लॅबमधल्या सहांपैकी चार कॉम्प्युटर बंद होते, त्याबद्दल मात्र नियमांत एक ओळही नव्हती. म्हणून तांड्यांवरची मुलं वहीत प्रोग्राम लिहून आणायची आणि कहकशां तो टाइप करून पाठवायची.

हे दुकान तिचे वडील गुलाम नबी यांचं. ते लोकांचे अर्ज टाइप करायचे आणि करता करता अर्जदाराच्या चुकाही सुधारायचे. "अपनी दुकान से गलत कागज बाहर नहीं जाना," म्हणायचे. त्यांना लकवा झाला तेव्हा कहकशां याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, वर्गात पहिली. ती त्यांच्या खुर्चीवर येऊन बसली, त्याला बारा वर्षं झाली. मुलांचे प्रोग्राम तीही सुधारायची. मोजायचं राहिलं असेल तिथे मोजणीची ओळ घालायची आणि मोजणाऱ्या आकड्याला नाव द्यायची 'गिनती'. अकरा मुलांच्या प्रोग्रामांत ती एकसारखी घातली होती, म्हणून अकराही सारखे ठरले.

"चाल, मी सांगतो सरांले," ती म्हणाली आणि शटर ओढून रंजितासोबत कॉलेजात गेली.

"सर, चुका मी दुरुस्त केल्या. पोरायचा दोष नाही."

सरांनी तिला वरून खाली न्याहाळलं. "तुम्हाला प्रोग्रामिंग येतं?"

"याच वर्गात होती मी, सर. पहिली आलती."

"मग बाई, शून्य तुम्हालाच द्यायला हवं." टेबलाभोवतीचे सगळे प्राध्यापक हसले. रंजिता खाली बघत राहिली. कहकशांला रडू नाही, संताप आला. पण अकरा मुलांचं वर्ष होतं, म्हणून तो तिनं गिळला.

सरांनी नव्यानं फाइली पाठवायला पाच वाजेपर्यंत मुदत दिली. त्याआधी तिच्याकडून लिहून घेतलं: मुलांनी लिहिलं असेल तसंच टाइप करीन, एका अक्षराचाही बदल करणार नाही. सहीखाली हुद्दा विचारला. तिनं 'टायपिस्ट' लिहिलं.

दुकानात परतल्यावर नऊ जणांच्या फाइली पाठवून झाल्या, मग तिनं रंजिताची वही पुढ्यात घेतली. दहा मुलींच्या मार्कांची बेरीज करायची होती. रंजिताची मोजणी नवावरच थांबत होती, दहाव्या मुलीचे मार्क बेरजेत येतच नव्हते. एक आकडा बदलला की झालं. कहकशांचं बोट त्या आकड्यावर थांबलं, मग पुढे सरकलं.

"आपा, बराबर हाये ना?" रंजितानं विचारलं. "चुकलं असन तर सांगा. मी माह्या हातानं सुधारतो."

कहकशांनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"मले काय समजते त्यातलं? मी टायपिंगवाली."

घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती. तिनं फाइल पाठवली, वही मिटून रंजिताच्या हातात दिली आणि दारात थांबलेल्या शेवटच्या मुलाची वही घ्यायला हात पुढे केला.