गोल शिक्का

"आई, हे कागद रद्दीत गेले तर काही आभाळ कोसळणार नाही," दादा म्हणाला. दुसऱ्या दिवशी घर सोडायचं होतं, आणि आई पावत्यांच्या गठ्ठ्यांपुढे ठाण मांडून बसली होती.

"आधी एकेक बघा. मग जाळा नाहीतर विका."

बघणार कोण? मीच. दादा खोकी आणायच्या निमित्ताने सटकला.

आईला अक्षरओळख नाही. बाबा कायम फिरतीवर, म्हणून तिने स्वतःची रीत बसवली होती. गोल शिक्का असला की बिल भरलेलं. सुतळीत बांधायचं आणि फळीवर टाकायचं. शिक्का नसला की बाबांच्या उशाखाली. एवढ्यावर तिने चाळीस वर्षं घर चालवलं, आणि एकदाही आमची वीज तोडायला कोणी आलं नाही.

लाइटबिलं, पाणीपट्टी, स्टोव्हच्या दुरुस्तीची पावती.

"अगं, माझ्या पहिल्या चष्म्याची पावती!" मला हसू फुटलं. "मांजराने फोडला होता ना तो?"

"मांजराने म्हणे! तू फोडलास ते मला तेव्हाच कळलं होतं."

त्याच सुतळीत खाली एक चौघडी घातलेला कागद होता. नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली आहे, पंधरा दिवसांत हजर व्हावे. वर माझं नाव. खाली गोल शिक्का.

एकोणिसाव्या वर्षी मी या कागदाची तीन महिने वाट पाहिली होती. आईसुद्धा रोज उंबऱ्यात बसून पोस्टमनला विचारायची, "आमच्या पोरीचं पाकीट आलं का?" पत्र पाकिटाशिवायही येतं, हे तिला कोण सांगणार? शेवटी मी शिंप्याच्या दुकानात काजं करायला बसले. एकतीस वर्षं काजंच केली. डोळे अधू झाले, बोटं वाकडी झाली. मला राग आला. असा आला की वाटलं, कागद तिच्या तोंडापुढे नाचवावा आणि विचारावं, काय करून बसलीस हे?

"गप्प का गं झालीस?" आई म्हणाली. "काही राहिलंय का भरायचं? नीट बघ हो. माझ्या हातून या घरातला एक कागद कधी हरवला नाही."

तेही खरंच. हरवला नव्हताच.

"कसला आहे तो?"

"लाइटबिल. जुनं आहे."

तिने हात पुढे केला. मी कागद दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"भरलेलं आहे," ती म्हणाली. "बांध."

मी सुतळी घेतली. एकतीस वर्षं सुईदोरा धरलेल्या बोटांना एक गाठ मारायला कितीसा वेळ लागणार? पण तीनदा सुटली.