रंगरावांकडची हळद

चिंचवड गावठाणातला शौकतभाईंचा फोटो स्टुडिओ दुपारी पेंगुळलेला असायचा. पंखा फिरे, पडद्यावर रंगवलेला धबधबा हलल्यासारखा वाटे. चाकणच्या कंपनीत कॉम्प्युटर विभागात असलेली त्यांची मुलगी जास्मिन सुट्टीच्या दिवशी तिथेच येऊन बसायची.

त्या दुपारी सुमनताई आल्या. त्यांचे यजमान चिमाजी जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता.

"कुणाच्या तरी हळदीत तुम्ही काढला होता, भाऊ," त्या म्हणाल्या. "पिवळा सदरा होता यांचा."

शौकतभाईंनी जुनी हार्ड डिस्क पुढे केली. आत फोल्डर, त्यात फोल्डर, त्यातही फोल्डर. कुठे काय ठेवलंय, त्यांनाही आठवेना.

"हाताने शोधायला नको," जास्मिन म्हणाली. तिने कॉम्प्युटरला सूचना देणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक फोल्डरमध्ये उतरायचं, नावात 'हळद' दिसलं की तो फोल्डर उचलून नव्या जागी त्याची प्रत ठेवायची. एंटर दाबलं. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर ओळी सरकू लागल्या, पण प्रत्येक ओळ एकच सांगत होती: असं काही इथे नाही. नवी जागा रिकामीच.

सुमनताईंनी पदर आवळला. "नसेल, तर राहू द्या."

जास्मिन ओळी पुन्हा वाचू लागली. एका फोल्डरचं नाव होतं 'रंगराव हळद', पण कॉम्प्युटर आधी नुसता 'रंगराव' शोधत होता, मग वेगळी 'हळद'. मधल्या मोकळ्या जागेशी तो नाव तोडत होता.

"अब्बा, नावांत एवढी जागा कशाला सोडलीत?"

"मग काय माणसं एकमेकांना चिकटवू?"

ती हसली. स्क्रिप्टमध्ये जिथे फोल्डरचा पत्ता येत होता, तिथे दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घातली, म्हणजे अख्खा पत्ता एकत्र राहील. पुन्हा एंटर. या वेळी तक्रार आली नाही. फोल्डर एकेक करून येत गेले आणि तिघं हळदीमागून हळद बघत राहिले. पिवळे गाल, ओले केस, कुणाकुणाची हसणारी, आता मोठी झालेली लेकरं. स्टुडिओत जणू हळदीचाच उजेड पसरला होता. किती वेळ गेला, कुणालाच कळलं नाही.

"थांब," सुमनताई म्हणाल्या.

रंगरावांच्या मांडवात, नाचणाऱ्या बायकांच्या मागे, प्लास्टिकच्या खुर्चीत चिमाजी गाढ झोपले होते. मान कलली होती, सदऱ्यावर पिवळी बोटं उमटली होती.

"नाईट शिफ्टवरून थेट आले होते," सुमनताई हळूच म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, येऊ नका. म्हणाले, तू एकटी कशी जाशील."

शौकतभाईंनी चष्मा पुसला. "चेहरा अंधारात आहे, ताई. उजेड वाढवून देतो."

"नको हो," त्या म्हणाल्या. "झोपू द्या त्यांना."

शौकतभाईंनी फोटो होता तसाच छापला. शाई वाळेपर्यंत सुमनताई तो दोन्ही तळहातांवर धरून पंख्याखाली बसून राहिल्या.