पाच काजांचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. सध्या मिक्सरवर बसलोय, तरी पडदाच. ऐकताना हसलात तरी चालेल, सगळेच हसलेत.

गिरणीतून निघालो तेव्हा मी जाडजूड सुती होतो, निळा, अंगभर पिवळी बदकं. वाटलं, एखाद्या पोराच्या खोलीत जाईन. गेलो दाताच्या डॉक्टरकडे! अकरा वर्षं तिथे लटकलो. पलीकडून किंकाळ्या यायच्या आणि अलीकडे बसलेले माझी बदकं मोजायचे. "पडदा छान आहे हो," असं पुष्कळजण म्हणाले, पण ते आत जायचं टाळायला. या अकरा वर्षांत मला पाणी लागलं नाही. डॉक्टर नुसते झटकायचे. लोकांना दिवसातून दोनदा दात घासायला सांगणारा माणूस!

मग दवाखान्याला काचेचं दार बसलं आणि मी जुन्या कापडांच्या बाजारात एका मोडक्या छत्रीशेजारी येऊन पडलो. तिथे एका बाईंनी मला उचललं. बाईंनी तीस वर्षं गणवेश शिवलेले. त्यांची मुलगी परगावी बाळंत झाली होती आणि बाळाला घेऊन येणार होती. तिने फोनवर बजावलं होतं, "आई, जुनंपानं काही शिवत बसू नकोस हं. सगळं नवं घेतलंय." बाई "बरं" म्हणाल्या आणि तडक बाजारात आल्या. आपल्या हातचं काहीतरी बाळाच्या अंगाला लागावं, एवढीच त्यांची आस. बाबागाडीच्या सीटला एक कव्हर, बस्स.

"धुतलेला आहे ना?"

"धुवूनच ठेवलाय, ताई," विकणारा म्हणाला.

जुनं कापड आधी धुवायचं, मग कापायचं, हे बाईंनी हाताखालच्या किती मुलींना शिकवलं असेल! पण घाई होती. विश्वास ठेवला. अस्तरासाठी छत्रीही घेतली.

मापाला शेजारणीची बाबागाडी आणली. बाळ कुठून आणायचं? बाईंच्या यजमानांनी, म्हणजे नव्या आजोबांनी, गाडीत भोपळा बसवून पट्टे आवळले.

शेजारीण डोकावली. "कुणावर गेलाय?"

"डोकं माझ्यावर," आजोबा म्हणाले, "रंग आईकडचा."

बाईंनी पट्टे बाहेर काढायला पाच काजं केली, कडेला इलॅस्टिक घातलं, वर सीटच्या पाठीवर चढवायची खोळ. मी असा काही बसलो की भोपळासुद्धा गोंडस दिसला. माझ्या आयुष्यातला तोच काय तो चांगला दिवस.

तेवढ्यात आजोबांनी नाक लावलं. "अगं, याला दाढेचा वास येतोय."

"काहीतरीच तुमचं!"

"लवंगेचं तेल. पोर गाडीत बसल्या बसल्या आ करेल."

बाईंनी हुंगलं आणि मला उकळत्या पाण्यात बुडवलं. मी आटलो. छत्री आटली नाही. बदकं चिमण्यांएवढी झाली आणि अस्तर चहूबाजूंनी फुगून बाहेर आलं. सीटवर चढवायला गेले तर मी अर्ध्यातच अडकलो.

"लहान भोपळा आणू?" आजोबांनी विचारलं. बाई हसल्या नाहीत. जोड द्यायला तुकडाही उरला नव्हता. उरलेल्या चिंध्यांनी आजोबांनी सायकल पुसली होती.

दोनच दिवसांनी बेल वाजली. बाईंच्या हातात मी होतो. लपवायला जागा सुचेना, तेव्हा त्यांनी मला मिक्सरवर कोंबलं. नेमका बसलो, मेलं नशीब!

"आई, मिक्सरला कव्हर? आणि याला पाच भोकं कशाला?" मुलगी म्हणाली.

"हवा खेळायला."

"बसलंय मात्र मस्त. माप घेऊन शिवलंस ना?"

"मग काय!"

मुलीने बाळाला नव्या गुळगुळीत गाडीत ठेवलं आणि इकडेतिकडे पाहिलं. "बाळासाठी काही नाही शिवलंस?"

"तूच नको म्हणालीस ना?"

"म्हणाले गं. पण तू माझं कधी ऐकलंयस?"

आजोबांनी तोंड उघडलं. बाईंनी डोळे वटारले. आजोबांनी मिटलं.

मित्रांनो, जुनं कापड आधी धुवा, मग कापा. विकणाऱ्याचं ऐकू नका, नाकाचं ऐका. आणि बिघडलेलं असलं तरी दाखवा हो! हे मी इथून रोज ओरडतो. पण बाई मला बाजूला काढून वाटण लावतात, त्या घरघरीत कुणाला ऐकू येणार? वाटण झालं की मला परत चढवतात आणि पाचही काजांतून एकेकदा बोट घालून पाहतात. काजं अजून घट्ट आहेत. पट्टा तेवढा यायचा नाही.