पन्हाळ्याच्या गुंडूची खुर्ची

वल्लरीताईंचं कीर्तन ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे, पूर्वरंगात त्या एखादी साधी वस्तू हातात घेतात आणि तासभर सोडत नाहीत. श्रावणातल्या एका रविवारी त्यांनी झांज घेतली. "एक वर, एक खाली," त्या म्हणाल्या. "वरची देते, खालची घेते. आता मंडळी, नाद कुणाचा ते सांगा!" मी पहिल्या रांगेत इतक्या जोरात मान डोलावली की डोक्यावरची टोपी मांडीत पडली. आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, तीस वर्षांपासूनच्या मित्राला मी चोर ठरवायला बसलो. माझ्यासारख्या कीर्तनवेड्याचं हे असंच. कान तेवढे धुऊन निघतात.

राजारामपुरीत आठव्या गल्लीत आमचा स्नेहवर्धन सेवा क्लब भरतो. दर शनिवारी सहाला घंटा, प्रार्थना, मग भडंग आणि चहा. जो उशिरा येईल त्यानं उभं राहून गाणं म्हणायचं. हॉलच्या मागे एक खोली आहे, तिथं वॉकर, कुबड्या, पाण्याच्या गाद्या, चाकाच्या खुर्च्या. गरजूंनी न्यायच्या, तीन महिन्यांनी परत आणायच्या. त्या खोलीचा प्रमुख मी, दत्तप्रसाद, आयुर्विम्याच्या कचेरीतून निवृत्त. दुसरी किल्ली अंबादासकडे. तो वारणानगरला पॉलिटेक्निकात ड्रॉइंग शिकवायचा. क्लबच्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं क्लबचं नाव लिहिलंय ते त्याच्याच हातचं.

एक रिवाज मात्र माझा. वस्तू देताना फोटो काढायचा. मागे क्लबचं बॅनर, मधे घेणारा, दोन्ही बाजूंना आम्ही. असे चार अल्बम भरलेत. अंबादासची बायको मधुवंती एकदा ते चाळता चाळता म्हणाली होती, "दत्तभाऊजी, सगळ्या फोटोंत देणारे कॅमेऱ्याकडं बघतायत आणि घेणारे जमिनीकडं." मी हसलो. म्हटलं, वहिनींची नजर बारीक!

तर त्या सोमवारी रजिस्टर तपासताना एक नोंद सापडली. मे महिन्यातली. 'चाकाची खुर्ची, निळी. गुंडू आकाराम, पन्हाळा.' अक्षर अंबादासचं, छापल्यासारखं. पण फोन नंबर नाही आणि फोटोही नाही. मुदत उलटून गेलेली.

आमचा अध्यक्ष विश्वजित तेवढ्यात आला. पाइपांचं दुकान आहे त्याचं, वय पंचेचाळीस, आवाज मात्र मैदानावरचा. त्यानं वाकून पाहिलं.

"फोटो न्हाय?"

"राहिला असेल."

"काका, तुमच्या राज्यात फोटो राहतोय व्हय? तुम्ही तर कुबडीच्या रबरी बुटाचासुद्धा फोटो काढलाय." मग आवाज खाली आणून, म्हणजे चार घरांना ऐकू जाईल इतकाच, म्हणाला, "शाहूपुरीकडं कोणतरी खुर्च्या भाड्यानं देतोय म्हणं. निळ्या."

मी म्हटलं, "अंबादास तसला नाही." पण म्हणताना माझाच आवाज मला कच्चा वाटला.

शनिवारी चहाच्या वेळी मी त्याच्याजवळ सरकलो. "गुंडू कोण रे?"

"आहे एक."

"पन्हाळ्यात कुठं?"

"गडावर."

"गडावर कुठं?"

"तू काय फौजदार आहेस?" असं म्हणून त्यानं भडंगाची ताटली खाली ठेवली, निम्मी. तीस वर्षांत अंबादासनं ताटलीत शेंगदाणा ठेवलेला मी पाहिला नव्हता.

रविवारी मी पन्हाळ्याची एस.टी. पकडली. सरोजिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की गडावर देवदर्शनाला जातोय. ती म्हणाली, "देवाला जाताय तर खिशात रजिस्टरचा फोटो कशाला?"

गडावर झुणका-भाकरीच्या एका टपरीत चौकशी केली. टपरीवाला बाकड्यावर बसून कांदा चिरत होता. त्यानं डोळे पुसत विचारलं, "पावणं, कंचा गुंडू? हितं तीन गुंडू. एक वारला, एक पुण्याला पोराकडं गेलाय, आणि तिसरा मी."

"तुमच्याकडं चाकाची खुर्ची आहे का?"

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग सुरी ठेवली, उठला आणि दोन उठाबशा काढून दाखवल्या. "माझं वय एकाहत्तर. रोज गड उतरतोय, चढतोय. मला खुर्ची कशाला? कोणी सांगितलं तुमास्नी? वैरी हाय काय माझा?"

त्याची समजूत घालायला मला दोन भाकऱ्या खाव्या लागल्या. परतीच्या गाडीत मात्र मी हिशोब मांडायला बसलो. गुंडू नाही. म्हणजे नाव खोटं. नाव खोटं तर खुर्ची कुठं? आणि संशयाचं कसं असतं, एक धागा हाती आला की माणूस अख्खं धोतर फेडायला निघतो. मला आठवायला लागलं. मधुवंतीवहिनी एप्रिलपासून कीर्तनाला नाहीत. बहिणीच्या आजारपणाला सांगलीला गेल्यात असं अंबादास सांगतो. चार महिने? कीर्तनातलं ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरायला त्यांच्यासारखा गळा नाही. वल्लरीताईसुद्धा दर वेळी त्यांच्या जागेकडे बघून पेटीवाल्याला खूण करतात. अशी बाई चार महिने कीर्तन सोडेल?

सोमवारी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तळमजल्याचा फ्लॅट. घंटा वाजवल्यावर बराच वेळ आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मग दार वीतभर उघडलं. अंबादास फटीत उभा, मागे पडदा ओढलेला.

"वहिनी आल्या का सांगलीहून?"

"नाही अजून."

तेवढ्यात आत मोहरी तडतडली. हिंगाचा वास बाहेर आला. अंबादास माझ्यासमोर उभा, आणि आत फोडणी.

"स्वयंपाकाला बाई ठेवलीस?"

"हं."

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून खाली पाहिलं. तर दाराला उंबरा नव्हता. ज्या उंबऱ्यावर वहिनी रोज हळदीकुंकू वाहायच्या, पाडव्याला रांगोळी काढायच्या, तो मुळासकट काढून तिथं ताजं सिमेंट सपाट केलेलं. कुणी देवाधर्माचा माणूस घराचा उंबरा काढतो?

"वाळवी लागली होती," माझी नजर पाहून तो म्हणाला, आणि दार लागलं.

घरी येऊन सरोजिनीला सगळं सांगितलं. उंबरा काढला म्हणजे जड सामान आत-बाहेर होत असणार, खुर्च्यांचा धंदा घरातच असणार, वहिनींनी विरोध केला म्हणून त्यांना सांगलीला धाडलं असणार. सगळं कसं बरोबर जुळत होतं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आणि फोडणी कोण घालत होतं?"

"ती बाई."

"बाईला घर दाखवतो आणि तुम्हाला दारात उभं करतो? दोन तास बसून मित्राला चोर केलंत. एकदा तरी विचारलंत का त्याला, बाबा, तू बरा आहेस का?"

 बुधवारी विश्वजितचा फोन आला. पन्हाळ्याची आणि उंबऱ्याची हकीकत मीच त्याला सांगून बसलो होतो. "काका, शनिवारच्या सभेत विषय घेतोय. खुर्ची कुठं हाय ते अंबादासकाकांनी सांगायचं, न्हायतर नाव कमी. संस्थापक असले म्हणून काय झालं?" मी 'थांब' म्हणायला हवं होतं. 'बरं' म्हणालो.

गुरुवारी दुपारी मला राहवेना. गुरुवारी तीनला अंबादास औषधं आणायला जातो, हे मला ठाऊक होतं. खरं सांगतो, मी पाळत ठेवायलाच गेलो होतो. त्याची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी वळली, तसा मी दाराशी गेलो. दार नुसतं लोटलेलं. आतून ध्रुपद ऐकू येत होतं. हळू, अर्ध्या गळ्यानं, झांजेशिवाय. तो गळा मी हजारांत ओळखला असता.

दार ढकललं आणि सवयीनं उंबरा ओलांडायला पाय उचलला. पाय हवेतच राहिला, आणि मी जवळजवळ आत कोसळलो.

"सांभाळून, दत्तभाऊजी," मधुवंतीवहिनी म्हणाल्या. "सगळेच अडखळतात. नसलेल्या उंबऱ्याला."

त्या निळ्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पाट, पाटावर निवडायची मेथी.

एप्रिलमध्ये न्हाणीघरात पडल्या होत्या. कंबरेचं हाड. मिरजेला ऑपरेशन झालं, महिनाभर बहिणीकडं सांगलीला काढला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांत चालाल. पायात जोर आलाच नाही. हे सगळं त्यांनी मेथीची काडी मोडावी तसं सांगितलं.

"अंबादासनं आम्हाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, भाऊजी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मला ते दिसलं. फळांची टोपली. बॅनर. मधे खुर्चीत वहिनी, दोन्ही बाजूंना आम्ही. वहिनी जमिनीकडे बघतायत. 

"मला म्हणाले, विकत आणलीय," त्या म्हणाल्या. "विकत आणायला काही जड नव्हतं त्यांना. पण विकत आणली असती तर ती कायमची झाली असती. क्लबची म्हणजे तीन महिन्यांत परत द्यायची. तेवढ्या आशेवर आणली त्यांनी." त्यांनी मान मागे, खुर्चीच्या पाठीकडं वळवली. "पाठीवरच्या नावावर काळी पट्टी चिकटवलीय. त्यांना वाटतं, मी पुढं तोंड करून बसते, मला काय कळतंय. पण झोपताना खुर्ची पलंगाला लागून असते. पट्टी एका कोपऱ्यातून सुटलीय. त्यांचंच अक्षर मला ओळखू येणार नाही?"

खुर्चीच्या पाठीला एक खोळ होती. इरकली, लाल काठाची. त्यांची कीर्तनाला नेसायची साडी.

"पाठीला टोचतंय म्हणाले आणि खोळ शिवली. ते खूश झाले, पट्टी झाकली म्हणून. मी कळू दिलं नाही. तुम्हीही देऊ नका." मग त्यांनी पाटावरची मेथी सारखी केली, जशी होती तशीच. "घराबाहेर मात्र काढत नाहीत. चाक कच्चं आहे म्हणतात. कीर्तन ऐकून चार महिने झाले. या रविवारी वल्लरीताई आहेत ना?"

मी मान हलवली.  रजिस्टर, पन्हाळा, फौजदारकी, सगळं माझ्या खिशात दगडासारखं झालं होतं.

शनिवारी घंटा झाली, प्रार्थना झाली. भडंगाला कुणी हात लावला नाही. विश्वजितनं विषय काढला, तसा मी उभा राहिलो.

"खुर्ची हरवलेली नाही. ज्याला हवी त्याच्याकडेच आहे. मी डोळ्यांनी बघून आलो."

अंबादासनं झटकन वर पाहिलं. 

"कुणाकडं?" विश्वजित.

"सांगणार नाही."

"काका, तुमीच म्हणालात गुंडू न्हाय म्हणून!"

"म्हणालो. संशय माझाच होता, मीच गावभर केला. तो मागे घेतो. आणि आजपासून माझ्या खोलीतून वस्तू जाईल ती फोटोशिवाय जाईल. नसेल पटत तर ही किल्ली." मी किल्ली टेबलावर ठेवली.

"आसं कसं वो? नियम म्हंजे नियम. नाव कळाय पायजे. न्हायतर..." विश्वजितनं अंबादासकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. अंबादास उभा राहिला होता. दोन्ही हात टेबलावर, एखादी रेघ सरळ येते का बघावं तसे.

"गुंडू कुणी नाही," तो म्हणाला. "मधूला चालता येत नाही. एप्रिलपासून. खुर्ची माझ्या घरी आहे." एवढंच बोलला. मग खाली बसायचं विसरला.

 विश्वजितनं दोनदा घसा खाकरला.

"काका, मग सांगायचं की वो! परक्यास्नी वस्तू वाटत फिरतोय आमी. उंबरा काढाय माणूस पैसं देऊन आणला आसंल तुमी. आमी मेलो हुतो व्हय?" त्याचा आवाज फाटला. तो लपवायला त्यानं सवयीनं हात वर केला आणि ओरडला, "चला रे, सगळे हिकडं या, फो..." आणि जीभ चावली.

आधी अंबादासच हसला. मागच्या शनिवारी निम्म्या ठेवलेल्या भडंगाची भरपाई त्यानं त्या दिवशी पुरी ताटली संपवून केली. नोंदीतलं नाव मी खोडलं नाही. पन्हाळ्याच्या गुंडूनं दोन उठाबशा उगाच काढल्या नव्हत्या.

रविवारी कीर्तनाच्या मांडवाला विश्वजितनं स्वतःच्या दुकानातली फळी आणून उतार केला. खुर्ची वर आली ती मी माझ्या जागेवरून पाहिली. वहिनी हिरवी साडी नेसल्या होत्या. खुर्चीवर खोळ नव्हती. ती घडी करून त्यांच्या मांडीवर होती. पाठीवर काळी पट्टीही नव्हती. पांढरी अक्षरं स्वच्छ दिसत होती, पट्टीच्या डिंकाचे थोडे डाग सोडले तर.

अंबादास खुर्ची ढकलत होता, त्याला ती थेट नाकासमोर दिसत असणार. घरातून निघताना त्यांनी ती खोळ कधी काढली, त्यानं काय विचारलं, त्या काय म्हणाल्या, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची माझी सवय मोडायला मला वेळ लागतोय.

वल्लरीताईंनी वहिनींकडे पाहिलं आणि काहीच न बोलता झांज वाजवली. पेटी लागली. ध्रुपद आलं तसं वहिनींनी ते उचललं, पहिल्यांदा थोडं खरखरीत, मग मोकळं. अंबादास मागे उभाच होता. त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर, बरोबर अक्षरांवर होता. मला वाटलं झाकतोय. मग पाहिलं, बोटं ताल धरत होती.